वाडीच्या रस्त्यावरचे दिवे नक्की कोणाचे? तार कंपनीची, दिवा पंचायतीचा, अंधार आमचा

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे फक्त वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण डोकं चालेनासं झालंय.

आमची वाडी सातारा जिल्ह्यात पाटणच्या बाजूला, मूळ गावापासून साधारण पाऊण किलोमीटर वर. गावात मारुतीच्या देवळापर्यंत रस्त्यावर दिवे आहेत. देवळापासून वाडीपर्यंत आठ पोल, सगळे सिमेंटचे, तारा धडधाकट, वाडीत प्रत्येक घरात लाईट आहे पण रस्त्यावर एकही दिवा नाही. आणि हे आजचं नाही, मी शाळेत असल्यापासून असंच.

माझी वहिनी कराडला नर्स आहे, सेकंड शिफ्ट असली की साडेनवाच्या एसटीनं फाट्यावर उतरते आणि तिथून मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात वर येते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना याच रस्त्यावर फुरसं चावलं, पाय सुजून मांडीपर्यंत आला होता, वाचल्या हे नशीब. त्यानंतर मी हे काम हातात घेतलं. पंचायतीत गेलो तर म्हणाले पोल आणि तारा वीज कंपनीच्या, आम्ही हात लावू शकत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले रस्त्यावरचे दिवे ग्रामपंचायतीचे, त्यांचं पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणाले या लाईनवर दिवे लागूच शकत नाहीत. का लागू शकत नाहीत ते कोणी नीट सांगितलं नाही. तीच लाईन, तेच पोल, घरात दिवा लागतो मग रस्त्यावर का नाही?

कोणाला यातलं आतून माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा. दिवा कोणाचा, वीज कोणाची, बिल कोणाचं आणि सुरुवात कुठून करायची.

---

नमुना_आठ

मी पंचवीस वर्षं ग्रामसेवक होतो त्यामुळे कागदाची बाजू सांगतो, तारांचं दुसरं कोणीतरी सांगेल.

गावातली दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं काम आहे, हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. तुमच्या घराचा नमुना आठचा उतारा काढून बघा, घरपट्टी आणि आरोग्य कराच्या रांगेत दिवाबत्ती कर असा वेगळा रकाना दिसेल. वाडीतली घरं तो कर भरतात का हे आधी बघा, बहुतेक भरत असणारच. दिवा नाही पण दिवाबत्ती कर आहे, हा मुद्दा ग्रामसभेत उतारा हातात धरून मांडा, भांडून नाही. नुसतं बोललं तर विसरतात, उतारा समोर ठेवला की ठराव लिहावाच लागतो.

बिल पंचायतीच्या नावानं येतं. पथदिव्यांचा मीटर वेगळा असतो आणि वर्गवारीही वेगळी, बिलावर एलटी-६ असं लिहिलेलं असतं. ग्रामपंचायती आणि अ, ब, क वर्ग नगरपरिषदा एका गटात, महानगरपालिका दुसऱ्या गटात, दोघांचे दर निराळे. म्हणजे घरातल्या लाईटशी त्याचा हिशोबानं काही संबंध नाही.

थकबाकी किती आहे हेही विचारून घ्या. २०२१ मध्ये राज्यभर गावागावांतले पथदिवे थकबाकीपोटी बंद झाले होते, तेव्हा शासनानं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून बिलं भरायला सांगितलं आणि सरपंच मंडळींनी विरोध केला, कारण तो पैसा गावाच्या विकासकामांसाठी धरलेला होता. मी तेव्हा नोकरीत होतो, संध्याकाळी सातनंतर फोन उचलायची भीती वाटायची इतक्या तक्रारी यायच्या. जुनं बिल थकलेलं असेल तर नवीन दिव्यांचा विषय पुढे सरकत नाही, हे आधी निस्तरा.

---

पक्कड_पाना

राम राम. मी एकतीस वर्षं वायरमन होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घाटवाट, तुम्हाला "या लाईनवर दिवे लागूच शकत नाहीत" असं जे सांगितलं ते खोटं नसावं, पण अर्धं सांगितलं. तुम्ही एक काम करा, उद्या दिवसाउजेडी देवळाजवळच्या शेवटच्या दिव्याच्या पोलखाली उभे राहा आणि वरच्या तारा मोजा. मग त्याच्या पुढच्या पोलवर जा आणि परत मोजा. हात कशाला लावू नका, फक्त मोजा. मग बोलू.

---

घाटवाट

अण्णा (अण्णा म्हटलं तर चालेल ना), सकाळीच मोजून आलो. देवळाच्या पोलपर्यंत पाच तारा आहेत. त्याच्या पुढे चार! इतकी वर्षं त्या पोलखालून जातोय, कधी मान वर करून मोजल्या नव्हत्या. ती पाचवी तार देवळाच्या पोलवर येऊन चिनी मातीच्या चिमणीला (इन्सुलेटरला) बांधून संपवलेली आहे.

---

पक्कड_पाना

चालेल की, घरी पण अण्णाच म्हणतात.

बरोबर, तिथेच तुमचा सगळा विषय आहे. आता सावकाश वाचा.

गावाच्या डीपीवर ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन येते, काही भागात २२ ची असते, ट्रान्सफॉर्मर ती खाली ४३३ व्होल्टला उतरवतो. ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. कुठल्याही एका फेज आणि न्यूट्रलमध्ये घरातली २३० ची वीज मिळते. या झाल्या चार तारा. या चार तारांमध्ये चोवीस तास करंट असतो, असायलाच पाहिजे, नाहीतर घरातला फ्रिज कसा चालणार. रस्त्यावरचा दिवा मात्र संध्याकाळी लागायला पाहिजे आणि सकाळी विझायला पाहिजे. प्रत्येक पोलवर बटण ठेवून रोज कोण चढणार? म्हणून डीपीजवळ एक पेटी असते, त्यात पथदिव्यांचा मीटर, फ्यूज आणि खटका. एका फेजमधून वीज मीटरला जाते, मीटरमधून खटक्याला आणि खटक्यातून ती पाचवी तार निघते, ती गावभर पोलवरून फिरते. ती फक्त दिव्यांची. तिला आम्ही स्ट्रीट लाईटची तार किंवा नुसतं पाचवी तार म्हणतो. न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. संध्याकाळी पेटीतला खटका दाबला की पाचवी तार जिवंत होते आणि तिच्यावरचे सगळे दिवे एकदम लागतात.

म्हणजे पोल कंपनीचा, तारा कंपनीच्या, पण पोलवरचा पाइप, फिटिंग, आतला दिवा आणि मीटरचं बिल पंचायतीचं. दोघंही तुम्हाला खरंच सांगत होते, फक्त आपापल्या वाट्याचं.

तुमच्या वाडीला लाईन ओढली तेव्हा कोणीतरी खर्च वाचवायला चारच तारा ओढल्या असणार, घरं तर लागली, दिव्यांचं बघू नंतर. मी स्वतः अशा लाईनी ओढलेल्या आहेत म्हणून सांगतो. साहेब म्हणायचे एस्टिमेटमध्ये चार तारा आहेत, चारच ओढा. आम्ही ओढल्या. आज तुमचा धागा वाचून वाटतं की तेव्हा निदान तोंड उघडून विचारायला हवं होतं, वाडीवर माणसं रात्री चालत नाहीत का.

आता तुमच्या आठ गाळ्यांत (दोन पोलमधल्या अंतराला आम्ही गाळा म्हणतो) पाचवी तार वाढवावी लागेल. आणि आता उघडी तार कशाला, मागायचीच तर केबल मागा. हल्ली एबी केबल येते, एकत्र वळलेली, तीन फेज, दिव्यांसाठी वेगळा बारीक कोर आणि मधे वजन तोलणारी न्यूट्रलची तार. तिच्यात दिव्यांचा कोर धरलेलाच असतो. वीजचोरीचे आकडे टाकता येत नाहीत, वाऱ्यानं तारा एकमेकीला लागत नाहीत, झाडाची फांदी घासली तरी चालतं. तुमच्या पावसाच्या भागात तर केबलच पाहिजे.

---

रानजाई

अण्णा किती छान समजावलंत. मी अंगणवाडी सेविका आहे, आमच्या तांड्यावर मागच्या वर्षी ठेकेदारानं दिवे बसवले, ते दिवसरात्र जळतात. आम्हाला वाटायचं बटण बिघडलंय. आता कळलं, त्यांनी पाचवी तार नसताना सरळ घराच्या तारेवर जोडून दिलेत ना?

---

पक्कड_पाना

होय ताई, अगदी तेच. आणि त्याला मीटरही नाही, म्हणजे ती वीज कुठल्याच बिलात नाही. कायद्यानं तो अनधिकृत वापर होतो आणि कारवाई झाली तर ती पंचायतीवर येते, ठेकेदार तोवर पैसे घेऊन पुढच्या गावात. पंचायतीला लेखी कळवा. दिवा दिवसा जळला की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, दोन वर्षांनी तुमचा तांडा परत अंधारात.

---

लक्सवाला

मी लायटिंग डिझाइनमध्ये काम करतो, थोडी आकडेमोड देतो कारण पंचायतीत "बिल परवडत नाही" हे उत्तर हमखास मिळतं.

दिवा वर्षभर सरासरी रोज साडेअकरा तास धरा. जुना ७० वॅटचा सोडियम, तो पिवळा, चोकसकट ८५ वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे महिन्याला साधारण २९ युनिट. त्याच जागी २४ वॅटचा एलईडी लावला तर सव्वाआठ युनिट. घाटवाट यांच्या वाडीचे आठ दिवे मिळून १९२ वॅट, महिन्याला ६६ युनिटच्या आसपास. एका मध्यम घराएवढा वापर झाला हा. आणि करंट बघा, आठही दिवे मिळून एक अँपिअरच्या आत. पूर्वी लांबच्या वाडीपर्यंत बारीक तारेवरून सोडियमचे दिवे न्यायचे म्हटलं की शेवटच्या पोलला व्होल्टेज पडायचं, ट्यूब तर फडफडत राहायची, लागायचीच नाही. एलईडीमुळे ते कारण आता उरलेलं नाही. केंद्र सरकारची पथदिव्यांची योजना जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि त्यानंतर देशात एक कोटीच्या वर दिवे बदलले गेले, शहरांबरोबर ग्रामपंचायतींचेही.

एक मात्र आधीच सांगतो म्हणजे नंतर निराशा नको. आयएस १९४४ म्हणून रस्त्यांच्या दिव्यांचं भारतीय मानक आहे, त्यात मोठ्या हमरस्त्याला सरासरी ३० लक्स आणि छोट्या, कमी रहदारीच्या रस्त्याला ४ लक्स उजेड सांगितलाय. उजेड सलग पडायचा असेल तर दोन दिव्यांमधलं अंतर दिव्याच्या उंचीच्या साडेतीन-चार पटीच्या आत हवं. तुमचा पोल आठ मीटरचा, त्यातला दीड मीटर जमिनीत, वर तारा, त्यांच्याखाली फिटिंग, म्हणजे दिवा साडेपाच-सहा मीटरवर येणार. सलग उजेडासाठी वीस-बावीस मीटरवर पोल हवा, आणि विजेचे पोल असतात चाळीस-पन्नास मीटरवर कारण ते तारेचा ताण बघून रोवलेत, उजेड बघून नाही. म्हणून गावात पोलखाली लख्ख आणि दोन पोलच्या मधे अंधाराचा पट्टा असं दिसतं. यावर उपाय म्हणजे जास्त वॅटचा दिवा नाही, जास्त वॅटनं पोलखालीच डोळे दिपतात आणि पुढचा अंधार आणखी गडद वाटतो. रस्त्याच्या लांबीत उजेड पसरवणारी लेन्स असलेली फिटिंग मागा आणि ब्रॅकेट रस्त्याच्या बाजूला फिरवून लावा. जिथे ओढा किंवा वळण आहे तिथे मधे एक वेगळा पोल मागितलात तर पैसे सत्कारणी लागतील.

---

ऊसपट्टा

जुन्नरकडचा आहे. आमच्याकडे दिव्याचा विषय बिबट्यामुळे आहे, ऊस घराला टेकलेला, संध्याकाळी लेकरू अंगणाबाहेर सोडायची हिंमत होत नाही. लक्सवाला यांनी जो मधला अंधाराचा पट्टा सांगितला ना, तेच आमचं दुखणं, पोलखाली माणूस उभा दिसतो पण तीन पावलं पुढे ऊसाच्या कडेला काय बसलंय ते दिसत नाही. आम्ही गेल्या वर्षी फिटिंगा फिरवून घेतल्या, त्याच दिव्यात फरक पडला. खर्च फक्त शिडीवाल्याच्या मजुरीचा.

---

ट्रामगल्ली

मुंबईकर आहे, इकडची रचना वाचून गंमत वाटेल. मूळ शहरात रस्त्यावरचे दिवे बेस्ट सांभाळते, उपनगरात बहुतांश अदानी आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण, पैसे महापालिका देते. म्हणजे इथे दिवा, तार, देखभाल सगळं वीज देणाऱ्याकडेच, फक्त बिल पालिकेचं. गावासारखी अर्धी-अर्धी वाटणी नाही. पोलवर नंबर असतो, तो सांगून तक्रार करता येते.

इतिहास आवडत असेल त्यांच्यासाठी: मुंबईत १८६० च्या दशकात गॅसचे दिवे आले, संध्याकाळी माणूस काठी घेऊन एकेक दिवा पेटवत जायचा. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण ती कंपनी लगेच बुडाली आणि विजेला परत पुढच्या शतकापर्यंत वाट बघावी लागली. बंगळूरला १९०५ च्या ऑगस्टमध्ये विजेवरचे पथदिवे लागले, शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज तिथपर्यंत आणून. घाटवाट, तुमच्या डोक्यावर तर कोयनेचं पाणी आहे. कोयनेची वीज अख्ख्या राज्याला जाते आणि पाटणच्या वाडीचा रस्ता अंधारात, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

---

घाटवाट

ट्रामगल्ली, हे आमच्याकडे प्रत्येक म्हातारा माणूस बोलून दाखवतो. माझे आजोबा धरणाच्या कामावर होते.

---

उसगावकर

न्यू जर्सीत राहतो. इथे आमच्या भागात दिवे वीज कंपनीचेच आहेत, तीच बसवते, तीच बदलते आणि टाऊनकडून दर दिव्यामागे महिन्याला ठरावीक रक्कम घेते, मीटर नसतो. दिवा किती वॅटचा आणि वर्षात रात्र किती तासांची हे माहीत असल्यावर मोजायचं काय! वेगळी पाचवी तार पण नाही, प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर छोटं डबडं असतं, त्यात प्रकाश ओळखणारा सेल, अंधार पडला की तो तो दिवा आपापला लागतो. गावाकडे असं का करत नाहीत, म्हणजे तार ओढायचा खर्चच वाचेल?

---

पक्कड_पाना

चांगला प्रश्न आहे. लावून बघितलेत आम्ही. सेलवर धूळ बसते, कोळ्याचं जाळं होतं, की दिवसाही दिवा चालूच. आणि मुख्य म्हणजे मीटर नसलेली वीज इथे कोणी मान्य करणार नाही, एकाच पेटीतून सगळे दिवे गेले की एका मीटरवर हिशोब लागतो, आणि पोलवर काम करायचं असेल तेव्हा एका खटक्यानं सगळे बंद करता येतात. तुमच्याकडची पद्धत तिथे चालते कारण दिवा कंपनीचा आहे, बिघडला की कंपनीचा माणूस येणार हे ठरलेलं आहे.

सेलपेक्षा पेटीत टायमर लावा. साधा नको, अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल टायमर म्हणतात तो. त्यात गावाचे अक्षांश रेखांश एकदा भरायचे, तो रोजचा सूर्यास्त सूर्योदय स्वतः काढतो, जूनमध्ये उशिरा लावतो, डिसेंबरमध्ये लवकर. शिपाई रजेवर गेला तरी दिवे लागतात. आमच्या वेळी एका गावात खटका दाबायचं काम देवळाच्या पुजाऱ्याकडे होतं, सांजआरती झाली की खटका आणि काकड आरती झाली की परत खटका, पंधरा वर्षं एक दिवस चुकले नाहीत. ते गेल्यावर दोन महिने त्या गावात दिवे कधी लागायचे कधी नाही.

---

शेणामेणाचं_घर

इतकी खटपट करण्यापेक्षा सोलर का नको? पोल, पॅनल, बॅटरी, दिवा, ना मीटर ना बिल ना कंपनीच्या चकरा.

---

लक्सवाला

जिथे लाईनच नाही तिथे सोलरच, यात वाद नाही. पण घाटवाट यांच्याकडे आठ पोल उभे आहेत आणि पाऊस पाटणचा आहे. जून ते सप्टेंबर ढगात पॅनलवर बॅटरी पुरेशी भरत नाही, आणि साप निघायचे दिवस तेच. शिवाय बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तेव्हा निधी कुठल्या योजनेतून हा प्रश्न उभा राहतो.

---

घाटवाट

आमच्या शाळेजवळ सोलरचा एक होता. तिसऱ्या वर्षी बॅटरी चोरीला गेली, आता त्या पोलला पोरं व्हॉलीबॉलचं जाळं बांधतात.

---

रानजाई

अण्णा एक विचारू? आमच्या तांड्यावरची पोरं स्वतःच पोलवर चढून दिवा बदलतात, खटका बंद करून. ते बरोबर आहे का? मी ओरडते पण ऐकत नाहीत.

---

पक्कड_पाना

ताई, हे मात्र मला लांबलचक लिहू द्या आणि तुम्ही ते त्या पोरांना वाचून दाखवा.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, गावाचं नाव सांगत नाही. श्रावण होता, सणासाठी दिवे दुरुस्त करायचे होते. मी आणि माझ्याबरोबर एक हेल्पर, नवीन लागलेला, वय असेल तेवीस-चोवीस. मी स्वतः डीपीवर जाऊन पेटीतला खटका पाडला, फ्यूज काढून खिशात घातले. खिशात का, तर दुसऱ्या कोणी येऊन घालू नये म्हणून, ही आमची शिस्त. पोरगा पोलवर चढला. मी खाली उभा राहून दिवा हातात देणार तेवढ्यात त्याचा हात पाचव्या तारेला लागला आणि तो झटक्यानं मागे गेला. कमरेला पट्टा होता म्हणून लटकला, खाली आला नाही. तळहात भाजला, शुद्ध गेली होती, दहा मिनिटं मी त्याची छाती चोळत होतो, ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

झालं काय होतं, तर गावात दोन डीपी होत्या आणि दोन्हींची पाचवी तार वेगवेगळी होती. मधल्या पोलवर ती तोडलेली असायला पाहिजे. पण कोणीतरी, एका बाजूचे दिवे बंद होते म्हणून दुसऱ्या बाजूनं चालू करायला तिथे जंपर, म्हणजे दोन्ही तारा जोडणारा तुकडा, मारून दिला होता. मी माझ्या बाजूचा फ्यूज काढला, पण तार पलीकडच्या डीपीवरून जिवंत. दिवे मात्र लागलेले दिसत नव्हते कारण त्या तुकड्यातल्या फिटिंगा उडालेल्याच होत्या. मी टेस्टर लावायला पाहिजे होता, तारा बांधून अर्थिंग करायला पाहिजे होतं. मी नाही केलं. खटका पाडलाय ना, मग झालं, असं वाटलं. चूक माझी होती.

तो पोरगा वाचला, पुढे नोकरी पूर्ण केली, आजही दिवाळीला फोन करतो. पण त्या दिवसानंतर मी एकदाही तार शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय पोलला पाय लावला नाही.

त्याशिवाय हल्ली घरोघरी इन्व्हर्टर, दुकानात जनरेटर. चुकीची जोडणी असली की लाईट गेलेली असताना घरातून वीज उलट तारेवर येते. आणि पाचवी तार बंद केली तरी शेजारी हातभर अंतरावर तीन फेज जिवंतच असतात हे विसरू नका, खटक्यानं फक्त एक तार बंद होते, बाकीच्या घरांना वीज देत असतात.

म्हणून पोरांना सांगा, दिवा ग्रामपंचायतीचा असला तरी पोलवर चढायचा हक्क त्यामुळे मिळत नाही. परवानाधारक माणूस, कंपनीचं परमिट (काम करायची लेखी परवानगी), लाईन बंद, टेस्टर, अर्थिंग, मग पट्टा, मग चढायचं. १९१२ ला फोन करा, तक्रार नंबर घ्या, एक रात्र अंधारात काढा. त्यात काही कमीपणा नाही.

---

रानजाई

वाचून दाखवलं. त्यातल्या एकाची आई ऐकत होती, तिनं शिडी आणून माझ्या अंगणवाडीत ठेवली आणि म्हणाली ही तुमच्याकडेच असू दे.

---

घाटवाट (पाच महिन्यांनंतर)

मंडळी, धागा वर आणतोय कारण सांगण्यासारखं झालंय.

नमुना आठ काकांनी सांगितल्याप्रमाणे वाडीतल्या सगळ्या घरांचे उतारे काढले, सगळ्यांवर दिवाबत्ती कर लागलेला निघाला. ग्रामसभेत उतारे एकाखाली एक ठेवले आणि वाडीतल्या बायका पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं आल्या होत्या, वहिनी बोलली, काकूंनी पाय दाखवला. ठराव झाला. थकबाकी थोडी होती, ती पंचायतीनं दोन हप्त्यांत भरली. मग ठरावाची प्रत, नकाशा आणि पोलचे नंबर घेऊन शाखा कार्यालयात गेलो. अण्णा, मी आत जाऊन फक्त एवढंच म्हणालो की देवळाच्या पोलपासून आठ गाळे पाचवी तार नाहीये, तिचं एस्टिमेट करून द्या. समोरचे साहेब खुर्चीत सरळ झाले आणि म्हणाले बसा. इतके महिने मी "दिवे लावा" म्हणत होतो आणि ते "होत नाही" म्हणत होते, नेमकं काय नाहीये हे सांगितल्यावर दुसऱ्या आठवड्यात माणूस मोजायला आला.

काम पंचायतीच्या निधीतून, परवानाधारक ठेकेदारामार्फत झालं, कंपनीची फक्त देखरेख, त्यासाठी १.३ टक्के सुपरव्हिजन चार्ज भरावा लागतो. जुन्या चार तारा काढून एबी केबल टाकली. ओढ्याच्या वळणावर एक जादा पोल मिळाला, म्हणजे दिवे नऊ झाले. पेटीत टायमर बसवलाय. मीटर जुनाच, फक्त लोड वाढवून घेतला.

ज्या दिवशी लाईन चार्ज केली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, त्या दिवशी मी पोल नंबर ९ खाली उभा होतो. वायरमननं परमिट परत केलं, डीपीवरून फोन आला, आणि देवळापासून वर एकेक करत लागत आले असं नाही, सगळे एकाच क्षणी लागले. ओढ्याचं पाणी दिसलं. रात्री त्या पुलावरून मी हजार वेळा गेलो असेन पण वाहणारं पाणी रात्री बघितलं नव्हतं.

एक अडचण आहे. वरून दुसरा दिवा, तो पाऊस पडला की फडफडतो, वारं आलं तरी. फिटिंग बदलून बघितली, नवीन पण तसंच करते. बाकी आठ ठीक आहेत. अण्णा काय असेल?

---

पक्कड_पाना

वाचून फार बरं वाटलं. वहिनींना नमस्कार सांगा.

दिवा बदलून फरक पडला नाही म्हणजे दोष दिव्यात नाही, जोडात आहे. केबलचा कोर अ‍ॅल्युमिनियमचा, फिटिंगची वायर तांब्याची. दोन्ही नुसत्या पिळून टेप मारली असेल तर पाणी लागलं की तिथे पांढरी पावडर धरते, जोड सैल होतो, गरम होतो, दिवा फडफडतो. पुढे एक दिवस तो जोड जळतो. ठेकेदाराला सांगा की त्या पोलवर केबलची साल काढून पीळ मारलाय का बघ, असेल तर तो काढून केबलला दात घेणारा कनेक्टर लाव, आयपीसी म्हणतात त्याला, इन्सुलेशन टोचून आत पकडतो आणि पाणी जाऊ देत नाही. फेजला एक, न्यूट्रलला एक, दोन्ही बघायला लावा, बहुतेक वेळा न्यूट्रलचाच सैल निघतो. काम अजून हमीच्या मुदतीत असणार, पंचायतीकडून लेखी पत्र द्या. आणि एकावर असं केलंय म्हणजे बाकीच्या आठांवरही तपासून घ्या, पावसाळा संपायच्या आत.

---

घाटवाट

आजच पत्र देतो अण्णा. नऊही पोल तपासायला लावतो.